थोरली, धाकटी आणि उजवा कौल

हे लिहावं की नाही, यावर मी बरेच दिवस अडून होतो. माणसाचं चित्र शब्दांत उभं करायचं तर माणूस पारखता यायला हवा आणि हाताला लिहिण्याची सवय हवी. माझ्याकडे दोन्ही बेताचंच आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वडील रायगडातल्या तळा गावाहून इंदापूरपर्यंत मिनिडोर चालवतात. मिनिडोर म्हणजे आमच्याकडची ती सहा सिटांची मोठी रिक्षा, जिच्यात दहाजण बसतात. ज्यांच्याबद्दल लिहायला बसलोय त्यांनीही जगात नाव व्हावं असं काही केलेलं नाही. शिवाय ते हयात आहेत, छापलेलं सगळं वाचतात, आणि चूक सापडली की लगेच फोन करतात. म्हणून आधीच माफी मागून ठेवतो. त्यांची, वाचणाऱ्यांची, आणि मोटारसायकलींमधलं ज्यांना खरंच कळतं त्यांची. मला स्वतःला आजही वडिलांच्या मिनिडोरशिवाय काही चालवता येत नाही.

बारावीनंतर अलिबागला बीएस्सीला प्रवेश मिळाला तेव्हा किहीमच्या अलीकडे एका वाडीत खोली रिकामी आहे असं कळलं. वडिलांनी मला, माझ्या गादीला आणि एका पत्र्याच्या पेटीला मिनिडोरमधून तिथवर आणलं. नारळी-पोफळींमधून आत गेलो तर पडवीत साठी ओलांडलेले एक गृहस्थ एका लाकडी घोड्यावर पालथे पडले होते. छाती लाकडावर टेकलेली, पाय मागे दुमडलेले, दोन्ही मुठी पुढच्या दांड्यावर, नजर वर करून समोरच्या विहिरीवर.

"खोलीचं इचारायचं व्हतं," वडील म्हणाले.

"एक मिनिट," ते मान न वळवता म्हणाले. "वळणात आहे."

आतून त्यांच्या थोरल्या बहीण, अक्का, बाहेर आल्या. प्राथमिक शाळेत आयुष्य घालवलेल्या बाई. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "त्याचं वळण संपेपर्यंत चहा होईल. बसा तुम्ही."

निघताना वडिलांनी मला मिनिडोरपाशी बोलावून हळूच सांगितलं, "बुवाचं डोकं जरा हललेलं हाय. पन मानसं भली हायत. ऱ्हा हितंच."

मी तीन वर्षं राहिलो. त्यांना मी काका म्हणायचो. ते मला पहिल्या दिवसापासून 'तळेकर' म्हणायचे. माझं आडनाव ते नाही, आणि हे त्यांना ठाऊक होतं.

पडवीत तसे दोन घोडे होते. रेवसकडच्या एका होड्या बांधणाऱ्या सुताराकडून त्यांनी ते करून घेतले होते. मोटारसायकल कुठली घ्यायची हे काकांना ठरवायचं होतं, आणि निवड दोनांवर येऊन थांबली होती. त्या दोघींची बैठक जमिनीपासून किती उंच, पाय ठेवायच्या खुंट्या किती मागे, हँडल किती खाली, ही सगळी मापं घेऊन सुताराने एकेकीचा एकेक घोडा बनवला होता. "आपण तिला पसंत करून भागत नाही, आपल्या पाठीलाही ती पसंत पडावी लागते," असं काकांचं म्हणणं. मग ते सकाळचा पेपर एका घोड्यावर वाचत आणि संध्याकाळचा चहा दुसऱ्यावर पीत. येणाऱ्या-जाणाऱ्यालाही चढवत. गॅसवाला, पोस्टमन, वीजबिलवाला, कुणी सुटलं नाही. कोळीवाड्यातून मासे घेऊन येणारी मावशी तेवढी कधी चढली नाही. पाटी उतरवता उतरवता ती विचारायची, "काका, यो घोरा कई पलनार वो? एवढ्या दिसांत तं आमची होरी बांधून पान्यात जाते."

"आधी सुकाणू कुणाच्या हातात द्यायचं ते ठरू दे," काका म्हणायचे.

गंमत अशी की रस्त्यावर काकांइतकं हळू कुणीच गाडी चालवत नसे. त्यांच्याकडे जुनी स्कूटर होती. अलिबागच्या रस्त्याला ती लागली की शाळेच्या सायकली तिला मागे टाकून जात. पोरं ओरडायची, "काका, धक्का मारू का?" काका हात वर करून त्यांचा नमस्कार घ्यायचे. मी मागे बसलेला असलो की मला लाजच वाटायची.

ते विमा कंपनीत सर्व्हेअर होते. अपघात झालेली गाडी पाहायची, काय मोडलं, काय वाकलं, काय दुरुस्त होईल ते ठरवायचं, हे काम त्यांनी निवृत्तीपर्यंत केलं. घाटात, पोलीस ठाण्याच्या आवारात, गॅरेजच्या मागे. म्हणून रस्त्यावर वेग घेणाऱ्यांचा त्यांना मनापासून राग यायचा. "रस्ता सगळ्यांचा असतो तळेकर. तिथे म्हातारी चालते, म्हैस चालते. वेग एकट्याचा असतो, त्याला वेगळी जागा लागते." ती वेगळी जागा म्हणजे ट्रॅक. मोटारसायकली पळवायला बांधलेला, समोरून कुणी न येणारा, दोन्ही अंगांना मोकळी जागा असलेला रस्ता. काकांना फक्त तिथे चालवायची मोटारसायकल हवी होती. दिवे नसलेली, आरसे नसलेली, नंबराची पाटी नसलेली.

हे मी घरी सांगितलं तेव्हा वडील म्हणाले, "मागं मानूस बसत न्हाय, बाजारहाट व्हत न्हाय, रस्त्यावर आनता येत न्हाय. मग ती गाडी कसली?"

मी त्यांचं म्हणणं काकांना कळवलं. "बरोबर आहे त्यांचं," काका म्हणाले. "त्यांची गाडी दहाजणांना पोचवते. माझी कुणालाच कुठे पोचवणार नाही. निघाली तिथेच परत येणार."

त्या दोघींना काकांनी नावं दिली होती, थोरली आणि धाकटी. थोरली हजार सीसीची, धाकटी सहाशेची. थोरलीच्या अंगात ताकद एवढी की वळणात काही चुकलं तरी सरळ पट्ट्यावर मूठ पिळली की भरून निघतं. धाकटी हलकी, पण सरळ पट्ट्यावर कमी पडते. वळणातला वेग वळणातच सांभाळला, इंजिन सतत चढ्या आवाजात ठेवलं, तरच ती धावते. "थोरली चुका पोटात घालते," काका म्हणायचे, "धाकटी चारचौघांत सांगते." मग यातली बरी कोण, यावर ते सोमवारी एक बोलत आणि गुरुवारी दुसरं.

"एक बायको करायला सांगितली ती केली नाहीस," अक्का आतून म्हणायच्या, "आणि आता दोन सवतींमध्ये अडकून बसलायस."

मला कृतज्ञता कशाबद्दल वाटते ते इथेच सांगायला हवं. मी दहावीपर्यंत मराठीत शिकलेला. बीएस्सीचं पुस्तक उघडलं की पहिल्याच ओळीत पाय रुतायचा. काकांकडे इंग्रजी मासिकांचे गठ्ठे होते, शिवाय फोनवर परदेशातल्या चालकांनी लिहिलेले अनुभव. काकांना स्वतःला इंग्रजी उत्तम यायचं. पण एके दिवशी त्यांनी फर्मान काढलं की यापुढे तळेकराने वाचायचं आणि अक्काला मराठीत समजावून सांगायचं. "तिला पटलं पाहिजे. मला पटून उपयोग नाही."

अक्का ओटीवर नारळ खवत बसायच्या आणि मी त्यांच्यासमोर अडखळत उभा. पुढचा ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर का येतं, टायर गरम झाल्याशिवाय रस्ता का धरत नाही, मागचं चाक घसरू लागलं की आतला संगणक इंजिनची ताकद कशी कमी करतो. अक्का मध्येच थांबवायच्या, "हे तुला कळलंय की नुसतं वाचतोयस?" शाळेतला आवाज. मग मी पुन्हा वाचायचो. वर्षाअखेरीस माझ्या लक्षात आलं की भौतिकशास्त्राच्या पुस्तकातलं इंग्रजी आता आडवं येत नाही. बल, घर्षण, कोन, वर्तुळातला वेग, सगळं मला थोरली-धाकटीने आधीच शिकवून ठेवलं होतं.

तरी दुसऱ्या वर्षी गणितात नापास झालो. घरी फोन केला तर वडील म्हणाले, "ये परत. दुसरी मिनिडोर घेऊ, तू चालव." ते रागाने म्हणाले नव्हते, म्हणून जास्त लागलं. मी पेटी भरायला घेतली. काका दारात येऊन उभे राहिले आणि अपघाताची गाडी पाहायला यावं तशा स्वरात त्यांनी विचारायला सुरुवात केली.

"कुठे लागलं?"

"गणितात."

"बाकीचे विषय?"

"बरे आहेत."

"म्हणजे पुढचा दिवा फुटला आणि मडगार्ड वाकलं. सांगाडा सरळ आहे ना?"

मी पेटी उचलली.

"सांगाडा सरळ असलेली गाडी मी कधी भंगारात काढली नाही तळेकर. पेटी खाली ठेव." मग जाता जाता म्हणाले, "वडिलांना मी फोन करतो. त्यांना गाडीच्या भाषेत कळेल."

काय बोलले ते मला माहीत नाही. पण वडिलांनी दुसरी मिनिडोर घेतली नाही.

ओहोटी लागली की काका मला समुद्रावर न्यायचे. ओल्या कडक वाळूवर पायाने ट्रॅकची वळणं आखायचे, प्रत्येक वळणाच्या आतल्या टोकाला नारळाची एकेक करवंटी ठेवायचे, आणि मग आम्ही दोघं ती वळणं चालत घ्यायचो. बाहेरून आत, करवंटीला चाटून, पुन्हा बाहेर. "नजर करवंटीवर नको, पुढच्या वळणावर!" सुट्टीला आलेले मुंबईकर आमचे फोटो काढायचे. लोक त्या वाळूवर मोटारसायकली पळवतात, पण काकांनी तिथे स्कूटरसुद्धा कधी उतरवली नाही. खारं पाणी साखळी खातं, आणि किनारा हाही सगळ्यांचा रस्ताच, असं त्यांचं मत. चालणं मात्र इतकं अंगात भिनलं होतं की घरातून विहिरीवर जातानाही ते तुळशीला बाहेरून आत घेत.

एकदा आम्ही मुंबईला शोरूममध्ये गेलो. तिथला मुलगा चटपटीत होता. "अंकल, बेटे के लिए देख रहे हो?"

"माझ्यासाठी."

"अच्छा... तो टूरिंगवाली दिखाऊं? सीट एकदम मस्त, कमर को आराम."

"आराम घरी आहे," काका म्हणाले आणि थोरलीवर चढून पालथे झाले. ते उठेचनात. शेवटी त्या मुलाने मला कोपऱ्यात घेतलं, "भाई, अंकल की तबियत ठीक है ना?"

भाऊच्या धक्क्यावरून लाँच सुटली तेव्हा त्यांचं थोरलीचं ठरलं होतं. रेवसला उतरेपर्यंत ते धाकटीवर आले होते. मी हसलो, पण ते हसले नाहीत. उजवं मनगट चोळत धक्क्यावर उभे राहिले. ते मनगट पूर्वी वाडीत घसरून पडताना मोडलं होतं, आणि आता सांधा धरायला लागला होता. अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की ब्रेक आवळण्याइतका जोर या हातात अजून दोन-तीन वर्षं राहील, पुढचं सांगता येत नाही. पैसे बाजूला काढून झाले होते, ट्रॅकवर शिकवणारी संस्था शोधून झाली होती. उरलं होतं ते ठरवणं. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली की हे ठरवता ठरवताच हात जाईल, आणि काका आयुष्यात एकदाही ट्रॅकवर जाणार नाहीत. अक्कांनाही ते कळत असावं. पण त्यांना दुसरी भीती होती, ती काय हे आम्हाला नंतर समजलं.

कौलाची कल्पना अक्कांचीच. आमच्याकडे अडलेल्या कामाला ग्रामदेवीला कौल लावतात. गुरव देवीच्या मूर्तीला दोन्ही बाजूंनी ओल्या कळ्या चिकटवतो, आपण मनात प्रश्न धरायचा, उजवीकडची कळी पडली की होकार, डावीकडची पडली की नकार. काकांचा देवावर फारसा विश्वास नव्हता, पण ते अक्कांच्या शब्दाबाहेर नव्हते. फक्त त्यांनी एक अट घातली. "जिने गाडी पाहिली नाही तिने निकाल कसा द्यायचा? आधी तिला माहिती दिली पाहिजे."

आणि खरोखरच गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी उभं राहून त्यांनी देवीला दोन्ही गाड्यांची माहिती द्यायला सुरुवात केली. वजन, ताकद, टायरची रुंदी, ब्रेकच्या तबकड्या. अडलं की मला विचारायचे, "तळेकर, याला मराठीत काय म्हणालो होतो आपण?" मागे रांग वाढत गेली. एक नवं जोडपं ओटी भरायला आलेलं, ते खालीच बसलं. गुरव शेवटी म्हणाला, "काका, आटपा आता. समदं कललं तिला. तिचा वाघ हाय, तिला पिकअप सांगता?"

मग अक्कांनी डोळे मिटून हात जोडले. प्रश्न त्यांनी धरायचा असं ठरलं होतं: थोरली घ्यावी का? होकार आला तर थोरली, नकार आला तर धाकटी. आम्ही कळ्यांकडे बघत राहिलो. सहसा वेळ लागतो, गुरवाला विनवण्या कराव्या लागतात. त्या दिवशी उजवीकडची कळी लगेचच टपकन खाली आली.

"थोरली!" काका ओरडले. रांगेतल्या लोकांनीही टाळ्या वाजवल्या, इतका वेळ ऐकून त्यांचाही जीव गुंतला होता.

अक्का मात्र पांढऱ्या पडल्या होत्या. बाहेर आल्यावर त्या पारावरच बसल्या. "मी थोरलीचं विचारलंच नाही रे," त्या म्हणाल्या. "माझ्याच्यानं झालं नाही. मी विचारलं, हा पडेल का."

कळी उजवीकडून पडली होती. देवीने हो म्हटलं होतं.

"आता नाव काढायचं नाही गाडीचं," अक्का म्हणाल्या. "माझी शपथ आहे."

काका त्यांच्याशेजारी पारावर बसले. मनगट चोळू लागले. मग जे बोलले ते मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. "अक्का, नोकरीत असताना मला एकदा मद्रासकडे ट्रेनिंगला पाठवलं होतं, आठवतं? तिथल्या एका सोबत्याने मला ट्रॅक दाखवायला नेलं. माझ्यासमोर एकजण पडला. गाडी घसरत गेली, तो घसरत गेला, दोघं खडीत जाऊन थांबले. मी डोळे मिटून घेतले. उघडले तर तो उभा. अंगावरची धूळ झटकतोय. मी आयुष्यभर पडलेल्या गाड्या पाहिल्या अक्का. त्यांच्याशेजारी माणूस कधी उभा नसायचा. त्या एका जागी मी तो पाहिला."

अक्कांनी त्यांच्या मनगटाकडे पाहिलं.

"तुला देवीने सांगितलंय की मी पडणार. ठीक आहे. तिने एवढंच सांगितलंय. पुढचं तू विचारलं नाहीस." आणि मग, जणू नेहमीचीच चर्चा चालू आहे अशा आवाजात, "बरं झालं खरं तर. इतकी वर्षं मी कुठली चालवायला बरी ते बघत होतो. कुठल्या गाडीवरून पडायला बरं, ते बघायला हवं होतं. धाकटी. हलकी आहे, आधी सांगते, आणि अंगावर आली तरी उचलता येईल."

एवढ्या मोठ्या निवडीचा निकाल असा पारावर लागला. अक्कांनी शपथ मागे घेतली नाही, पण तिची आठवणही पुन्हा करून दिली नाही. दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी जेवायला वाढताना त्यांनी विचारलं, "त्या चामड्याच्या सुटात कोपराला जाड असतं ना?" काकांनी मान हलवली. अक्कांनी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

धाकटी आली, तीही दुसऱ्याची वापरलेली. वाडीत ती एकच रात्र राहिली आणि टेम्पोत बसून दक्षिणेतल्या ट्रॅककडे गेली, कारण खाऱ्या हवेत तिला ठेवायचं नाही हे काकांनी आधीच ठरवलं होतं. त्याच सुमारास मी एमएस्सीला पुण्याला आलो.

तेव्हापासून काका अधूनमधून ट्रॅकवर जाऊ लागले, आणि घरी एक नवीनच ताण सुरू झाला. दर खेपेला काका धडधाकट परत यायचे आणि दर खेपेला अक्का जास्त घाबऱ्या व्हायच्या. मला फोन करून म्हणायच्या, "आला रे धड. म्हणजे अजून व्हायचंच आहे." काकांचा वेग वाढत चालला होता, हात मात्र थकत चालला होता, आणि देवीने सांगितलेलं अजून घडलेलं नव्हतं. अक्कांची झोप उडाली. शेवटी काका त्यांना म्हणाले, "मी पहिल्याच वळणावर हळूच आडवा होतो. संपवून टाकू."

"मुद्दाम पडलेलं धरत नाही ती," अक्का म्हणाल्या. त्यांनी गुरवाला विचारून ठेवलं होतं.

परवा मी प्रयोगशाळेत होतो. फोन वाजला. अक्का या वेळेला कधी करत नाहीत. बाहेर पॅसेजमध्ये येऊन उचलला.

"अरे, पडला!" अक्का ओरडत होत्या. "पडला एकदाचा!"

"लागलं का?"

"कोपर खरचटलंय. सूट फाटलाय. गाडी घसरली, हा घसरला, खडीत जाऊन थांबला आणि उठून उभा राहिला. स्वतःच फोन केला मला. धूळ झटकतोय म्हणाला." त्या हसताहेत की रडताहेत कळेना. मागे मासेवाल्या मावशीचा आवाज येत होता, "पेढा दे ना आधी मला, मंग बोल."

"आता काय करतायत काका?" मी विचारलं.

"गाडी सरळ करून घेतलीय, दुपारी परत उतरतोय. जाऊ का, असं विचारत होता मला." अक्कांनी नाक ओढलं. "म्हटलं जा. आणि उगाच हळू चालवू नकोस."